कंदील नव्हे, खिडकी!

आधी एक कबुली देऊन टाकते. मी केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं बोलणं, आजीचा ओरडा आणि बसवरच्या पाट्या, एवढंच भांडवल! मराठी विभागाच्या संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा मी चक्क पळून जाणार होते. पण त्यांनी कॅन्टीनच्या दारातच गाठलं. तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका राहिल्या असतील त्या माझ्या आणि ज्या राहिल्या नाहीत ते श्रेय त्यांचं.

विषय कुठला घ्यायचा यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही. गेले सहा महिने माझ्या डोक्यात एकच बाई ठाण मांडून बसली आहे. तिचं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

आमची ओळख तशी जुनी. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी फ्लॉरेन्स झाले होते. अंगावर पांढरी चादर, हातात खोक्याचा कंदील आणि त्यात पप्पांचा टॉर्च. मला एकही वाक्य नव्हतं. अंधाऱ्या स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि आडव्या पडलेल्या सैनिकांकडे करुण नजरेने बघायचं, एवढंच काम. अर्ध्या वाटेत टॉर्चचे सेल गेले, एक जखमी सैनिक खो खो हसला आणि पडदा पडला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात फ्लॉरेन्स म्हणजे कंदील घेऊन फिरणारी, काही न बोलणारी, खूप चांगली बाई अशी प्रतिमा पक्की झाली. टी.ई.ला येईपर्यंत ती तशीच होती.

मग आडवा आला मावशीचा एक्झॉस्ट फॅन.

माझी मावशी विश्रांतवाडीत एका तीन मजली कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. गाळा पहिल्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला. भाडं कमी होतं म्हणून तिने घेतला आणि भाडं कमी का होतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. शेजारी टॉयलेट. आता टॉयलेट शेजारी असणं हा काही गुन्हा नाही. वॉचमन काका रोज सकाळी धुऊन काढतात, फिनेल टाकतात, आत एक्झॉस्ट फॅन अखंड घरघरत असतो. तरीही दुपारी बारानंतर असा वास सुटायचा की ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावूनच उभ्या राहायच्या. मावशीचं डोकं रोज दुखायचं. पण मला खरा धक्का वेगळ्याच गोष्टीने बसला. मावशी आणि मजल्यावरच्या बाकीच्या बायका, म्हणजे झेरॉक्सवाली ताई, क्लासच्या मॅडम, पार्लरवाल्या दोघी, दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत! प्यायलं की जावं लागतं आणि तिथे जाववत नाही. मावशीला उन्हाळ्यात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी प्या. ती हसली फक्त.

आमच्या विश्रांतवाडीला हे शोभत नाही हो. आळंदीहून पुण्याला निघालेली माउलींची पालखी आमच्या भागातून जाते. त्या दिवशी हजारो बायका पहाटेपासून चालत आलेल्या असतात आणि पाण्याआधी त्या काय विचारतात ते इथल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. मावशी दरवर्षी त्यांना कॉम्प्लेक्सचं टॉयलेट दाखवते आणि दरवर्षी शरमेने मान खाली घालते.

आम्हाला त्या सेमिस्टरला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा विषय होता. त्यात सेमिनार द्यायचा होता. सरांना मी मावशीचं रडगाणं सांगितलं. सर म्हणाले, व्हेंटिलेशनवरच सेमिनार दे, पण सुरुवात कॅटलॉगपासून करू नकोस, इतिहासापासून कर. मी इतिहास शोधायला गेले आणि पहिल्याच फटक्यात समोर कोण यावं? चौथीतली माझी चादरवाली बाई!

ती म्हटलं, त्या नाही म्हटलं, याबद्दल कुणी रागावू नये. सहा महिन्यांत आमची तेवढी जवळीक झाली आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. आईवडील गर्भश्रीमंत इंग्रज, युरोपच्या लांबलचक सफरीवर निघालेले. मुलगी ज्या गावात झाली त्या गावाचंच नाव तिला ठेवून मोकळे झाले. थोरली बहीण नेपल्सला झाली होती, तिला त्या गावाचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. म्हणजे धाकटीचं नशीब तसं बरंच म्हणायचं!

वडिलांनी दोघी मुलींना घरीच शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. पण फ्लॉरेन्सला हवं होतं गणित. त्या काळातल्या खानदानी मुलीने पियानो वाजवावा, भरतकाम करावं, चांगलं स्थळ बघून लग्न करावं. गणित कशाला? घरात त्यावरून धुसफूस झाली, पण तिने गणित सोडलं नाही. सोळा वर्षांची असताना, ७ फेब्रुवारी १८३७ ला, तिला वाटलं की देवाने आपल्याला काहीतरी काम करायला बोलावलंय. कुठलं काम ते मात्र कळेना. हळूहळू तिला उमगलं की ते काम म्हणजे आजाऱ्यांची सेवा. झालं! घरात भूकंप. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे कमी शिकलेली, कमी पगाराची, बऱ्याचदा दारू पिणारी बाई अशीच समजूत होती. आईने रडून घेतलं, बहिणीला फिट्स यायला लागल्या. फ्लॉरेन्स काही वर्षं गप्प बसली. पण पहाटे उठून ती हॉस्पिटलांचे सरकारी अहवाल वाचायची आणि आकडे वहीत उतरवून घ्यायची. चांगलं सांगून आलेलं स्थळही तिने १८४९ मध्ये नाकारलं. माणूस आवडत नव्हता असं नाही. त्याच्याबरोबरच्या आयुष्यात तिचं काम बसत नव्हतं.

अखेर १८५१ मध्ये जर्मनीत कैसरवर्थ इथे तिने तीन महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी बायकांसाठी असलेल्या एका छोट्या संस्थेची व्यवस्थापक झाली. वय ३३. आपण ज्या वयात दुसऱ्या कंपनीतून तिसऱ्या कंपनीत उडी मारण्याच्या बेतात असू, त्या वयात तिची पहिली नोकरी!

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरलं. जखमी सैनिकांचे हाल लंडनच्या पेपरांत छापून आले आणि जनता खवळली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सचे स्नेही होते. त्यांनी तिला बोलावलं. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलपलीकडच्या स्कुटारीला पोचली. तिथे तुर्कांची एक अवाढव्य बराक होती. तिचंच हॉस्पिटल केलेलं. मैलोगणती खाटा, साबण नाही, टॉवेल नाही, स्वयंपाकघर धड नाही. फ्लॉरेन्सने पैसे उभे केले, भांडी, कपडे, अन्न मागवलं, धुणंघर सुरू केलं. रात्री ती वॉर्डांमधून फेरी मारायची. तोच तो कंदील. तो तुर्की पद्धतीचा घडीचा होता, माझ्या खोक्यासारखा चौकोनी नव्हे!

आणि इथेच गोष्ट वळण घेते. एवढं करूनही माणसं मरतच होती. उलट त्या हिवाळ्यात मरण्याचं प्रमाण वाढत गेलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये हॉस्पिटलातलं मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. बहुतेक जण गोळीने मरत नव्हते. जुलाब, कॉलरा, तापाने मरत होते.

मार्चमध्ये इंग्लंडहून एक सॅनिटरी कमिशन आलं. डॉ. जॉन सदरलँड, रॉबर्ट रॉलिन्सन आणि हेक्टर गॅव्हिन. यातले रॉलिन्सन सिव्हिल इंजिनियर होते. (टाळ्या!) त्यांना काय दिसलं? बराकीखाली तुंबलेल्या मोरीचं जाळं होतं. पाण्याच्या पाटात मेलेलं घोडं पडलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संडासांचे पाईप थेट त्या मोऱ्यांत उतरत होते. त्यांच्या उघड्या तोंडांत बाहेरचा वारा शिरला की मोरीतली हवा त्याच पाईपांतून उलटी वर चढायची आणि संडासातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून वॉर्डात, आजाऱ्यांच्या उशाशी यायची. खिडक्या बंद, वर हवा जायला वाट नाही.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. स्कुटारी कशाला हवं? हा तर मावशीचा पॅसेज!

कमिशनने मोऱ्या धुवून काढल्या, त्यांना हवा जायला वाट करून दिली, छपरात आणि खिडक्यांत भोकं पाडली, भिंतींना चुना दिला, घाण उपसली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं.

त्याच युद्धात आणखी एक इंजिनियर येऊन गेला, तो म्हणजे इसम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. आपल्याला तो पूल आणि जहाजांमुळे माहीत. त्याने १८५५ मध्ये डार्डानेल्सजवळ रेनकिओईसाठी लाकडी हॉस्पिटल डिझाइन केलं. सगळे भाग इंग्लंडमध्ये तयार केले, जहाजात घातले आणि तिकडे नेऊन जोडले. प्रत्येक वॉर्डाला हाताने फिरवायचा पंखा दिला होता. तो जमिनीखालच्या डक्टमधून ताजी हवा आत ढकलायचा. संडास वॉर्डाच्या टोकाला, वेगळे. तिथे आलेल्या सुमारे १३०० रुग्णांपैकी ५० च्या आसपास दगावले. अर्थात स्कुटारीइतके अत्यवस्थ रुग्ण तिथे नव्हते हे खरं, तरी फरक डोळ्यांत भरतो. फ्लॉरेन्सला ते हॉस्पिटल फार आवडलं होतं.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती घरी परतली तेव्हा ती देशाची लाडकी झाली होती. मिरवणुका, हारतुरे सगळं चुकवून ती गुपचूप घरी गेली. तब्येत पार ढासळली होती. पुढचं बरंचसं आयुष्य तिने अंथरुणात किंवा सोफ्यावर काढलं. आणि गंमत बघा, तिचं खरं काम इथून पुढे सुरू झालं.

विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून तिने युद्धातल्या प्रत्येक महिन्याच्या मृत्यूंचा हिशोब मांडला. हिशोब मांडताना तिला नुसते दुसऱ्यांचे दोष दिसले असते तर सोपं होतं. पण ज्या हॉस्पिटलात आपण रात्रंदिवस राबलो, तिथेच माणसं जास्त मेली, आणि आपण जेवण-कपडे-औषधांच्या मागे असताना खरा मारेकरी जमिनीखाली आणि बंद खिडकीत होता, हेही त्या आकड्यांतून निघत होतं. हे कागदावर मांडायला किती धाडस लागलं असेल! आमच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकीचं आलं तर आम्ही ते शेजारच्या बॅचच्या जर्नलवरून दुरुस्त करतो. तिने आपलंच रीडिंग जगापुढे ठेवलं.

नुसते आकडे मंत्री वाचणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने १८५८ मध्ये एक आकृती छापली. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा पाकळीसारखे तुकडे. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा बाकी कारणांचा. प्रत्येक रंगाचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाच्या हिशोबात. पान उघडलं की निळाच निळा दिसतो. गणित कशाला शिकायचं, याचं उत्तर तिने आईला अशा रीतीने दिलं म्हणायचं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. पहिली महिला सभासद.

मग तिने हॉस्पिटलच्या बांधकामावर पुस्तक लिहिलं. १८५९ मध्ये ते आलं, १८६३ मध्ये वाढवून पुन्हा छापलं. नर्सिंगवरचं तिचं प्रसिद्ध पुस्तकही याच सुमाराचं. दोन्हीत पहिला मान हवेचा. औषधाचा नव्हे! आजाऱ्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवायची, पण त्याला गारठवायचं नाही, हा तिचा पहिला नियम. आणि लगेच पुढचा प्रश्न असा, की हवा आत येते आहे हे ठीक, पण ती येते कुठून? खिडकी उघडी असून ती जर मोरीवर, बंद चौकावर किंवा कोंदट पॅसेजवर उघडत असेल, तर त्या हवेचा उपयोग काय? आमच्या सरांनी अख्ख्या सेमिस्टरमध्ये याहून महत्त्वाचं काही सांगितलं नाही. (सर, माफ करा. इंटर्नल मार्क्स तुमच्याच हातात आहेत हे लक्षात आहे.)

तिच्या वॉर्डाचा नकाशा मी माझ्या सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर लावला होता. एक लांबट खोली, साधारण ३० खाटा, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, म्हणजे वारा आरपार. एका रुग्णामागे सुमारे १५०० घनफूट जागा. आणि संडास? वॉर्डाच्या अगदी टोकाला, इमारतीच्या बाहेर काढलेल्या भागात. वॉर्ड आणि संडास यांच्यामध्ये एक छोटी लॉबी आणि त्या लॉबीला स्वतःच्या खिडक्या. म्हणजे संडासातून हवा निघालीच तर ती वॉर्डात पोचायच्या आधी लॉबीच्या खिडकीतून बाहेर जाणार. वीज नाही, मोटर नाही, सेन्सर नाही. फक्त भिंत कुठे आणि खिडकी कुठे याचा विचार! लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल १८७१ मध्ये याच पद्धतीने उभं राहिलं आणि जगभर असे वॉर्ड बांधले गेले. तिची नर्सिंग शाळा १८६० पासून त्याच हॉस्पिटलशी जोडलेली होती.

आता आपल्याकडे येऊ या. फ्लॉरेन्स हिंदुस्थानात कधीच आली नाही. पण १८५९ मध्ये इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं, त्यात पडद्यामागून सगळी सूत्रं तिच्याच हातात होती. तिने प्रश्नावली तयार करून हिंदुस्थानभरच्या छावण्यांना पाठवली. बराक किती उंच, खिडक्या किती, पाणी कुठून, संडास कुठे, मोरी कुठे जाते? उत्तरांचे गठ्ठे लंडनला गेले. हिशोब निघाला की दर वर्षी हजारामागे ६९ ब्रिटिश सैनिक मरत होते, तेही बहुतेक लढाई न करता. १८६३ मध्ये अहवाल आला. पुढे सुधारणा झाल्या आणि १८७३ मध्ये तिने स्वतः मांडलेल्या आकड्यांत हे प्रमाण १८ पर्यंत उतरलं होतं.

आमच्या घराच्या गच्चीवरून खडकी छावणीच्या बाजूची झाडी दिसते. इतके दिवस मला ती फक्त हिरवी दिसायची. आता तिकडे बघितलं की अंथरुणावर पडून, सात समुद्रापलीकडून, खिडक्या मोजणारी बाई आठवते.

आणखी एक धागा सांगते, तो तर थेट आपल्या मार्कशीटपर्यंत येतो. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (१८६२ ते १८६७) लंडनला परतल्यावर फ्लॉरेन्सचे मोठे सहकारी झाले. त्यांच्या मदतीने तिने इंडिया ऑफिसमध्ये आरोग्याचं काम बघणारी समिती १८६७ मध्ये करून घेतली. याच फ्रिअरसाहेबांच्या कारकिर्दीत गणेशखिंडीत गव्हर्नरांचा बंगला बांधायला घेतला होता. तीच आज आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायला जाल तेव्हा आठवण ठेवा!

पुढे तिला कळून चुकलं की गाव आजारी असताना नुसती छावणी निरोगी राहू शकत नाही. मग तिचं लक्ष हिंदुस्थानातल्या खेड्यांकडे वळलं. दुष्काळ, कालवे, सावकारी, रयतेचं कर्ज, गावची स्वच्छता, या सगळ्यावर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. न्यायमूर्ती रानड्यांची आणि सार्वजनिक काकांची ती सभा! शनिवारवाड्याच्या सावलीतली माणसं आणि लंडनच्या साउथ स्ट्रीटवरची आजारी बाई एकमेकांना खेड्यातल्या विहिरींबद्दल पत्रं लिहितात, हे दृश्य मला कुठल्याही कंदिलापेक्षा मोठं वाटतं.

आता तिची चूकही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे आरती होईल. फ्लॉरेन्सचा विश्वास होता की रोग दुर्गंधी हवेतून होतात. कॉलरा पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवलं होतं आणि पुढे जंतूंचा शोध लागला, पण ते स्वीकारायला तिने खूप वर्षं घेतली. म्हणजे तिची थिअरी चुकली होती. मग उपाय कसे लागू पडले? कारण मोरी साफ झाली की पाणीही साफ झालं आणि खिडकी उघडली की गर्दीतली कोंडलेली हवा पातळ झाली. उत्तर बरोबर, स्टेप्स चुकल्या! आमच्या परीक्षेत याला अर्धेच मार्क मिळतात.

पण हवेची तिची काळजी अगदीच वाया गेली नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. तपासात काय निघालं? बाथरूमच्या जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं. दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू केला की तो त्या सुक्या ट्रॅपमधून ड्रेनेज पाईपातली हवा घरात ओढायचा. आणि २०२० नंतर तर खिडकी उघडा हे वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे.

फ्लॉरेन्स १३ ऑगस्ट १९१० ला लंडनमध्ये गेली. वय ९०. शेवटची काही वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याची तयारी होती, पण घरच्यांनी ती नाकारली आणि हॅम्पशायरमधल्या गावच्या छोट्या चर्चच्या आवारात तिला ठेवलं.

आता मावशीच्या फॅनचं काय झालं ते सांगून संपवते.

मी आणि माझी पार्टनर एका शनिवारी अगरबत्ती घेऊन गेलो. वॉचमन काकांना वाटलं पोरी पूजा करायला आल्या! फॅन चालू केला, टॉयलेटचं दार लावलं आणि दाराच्या फटीशी अगरबत्ती धरली. धूर आत जायला हवा ना? तो बाहेर आला. म्हणजे फॅन फिरत होता, पण हवा बाहेर टाकत नव्हता. का? वर गच्चीवर गेलो तेव्हा कळलं. तिन्ही मजल्यांचे फॅन एकाच डक्टमध्ये हवा सोडतात आणि पावसाचं पाणी येतं म्हणून कुणीतरी त्या डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकून टाकला होता! वाट बंद. भिंतीत बसवतात ते पात्याचे फॅन समोर दाब आला की गुडघे टेकतात. त्यांना झडप नव्हती, त्यामुळे ज्या मजल्याचा फॅन कमजोर किंवा बंद, त्याच्यातून बाकीच्यांची हवा उलटी आत शिरायची. मावशीचा फॅन सगळ्यात जुना. स्कुटारीचे उघडे पाईप आणि हे, फरक काय?

हिशोब साधा होता. सार्वजनिक टॉयलेटमध्ये एका भांड्यामागे ५० ते ७० सीएफएम हवा बाहेर काढावी असं अमेरिकेतल्या ॲशरेचं मानक सांगतं. मजल्यावर दोन कमोड, दोन युरिनल, म्हणजे कमीत कमी २०० सीएफएम, ताशी सुमारे ३४० घनमीटर. तीन मजल्यांचे ६००. आम्ही सुचवलेले उपाय असे. पत्रा काढून वर पाऊस अडवणारी टोपी बसवा, पण चारी बाजूंनी हवा जाऊ द्या. मजल्यांवरचे फॅन काढून गच्चीवर एकच दमदार फॅन लावा, म्हणजे अख्खा डक्ट ओढीखाली राहील आणि हवा कुठल्याच मजल्यात परत येणार नाही. दाराला खाली लुव्हर लावा, कारण आत हवा येणारच नसेल तर बाहेर काय जाणार? गच्चीवरचं तोंड कुणाच्या खिडकीपासून किंवा ताज्या हवेच्या तोंडापासून निदान १० फूट दूर ठेवा. आणि फुकटातला उपाय म्हणजे रविवारी बंद राहिल्यावर सोमवारी सकाळी प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओता.

गाळेधारकांच्या मीटिंगमध्ये मी स्लाइड दाखवल्या तेव्हा निम्मे जण मोबाइलमध्ये होते. वासावर कोण पैसे घालणार? रूम फ्रेशनर लावा की, असं एक काका म्हणाले. मग मला फ्लॉरेन्सची पाकळ्यांची आकृती आठवली. मी आकडे बंद केले. मजल्यावरच्या सात बायकांना आदल्या आठवड्यात विचारून एक तक्ता केला होता, तो दाखवला. दिवसभरात किती ग्लास पाणी पिता? घरी रविवारी, आणि इथे. रविवारचे बार उंच, इथले बार बोटभर. खोलीत एकदम शांतता झाली. झेरॉक्सवाल्या ताईचे मिस्टर तिथेच बसले होते. ते त्या बोटभर बारकडे बघतच राहिले. वर्गणी त्याच मीटिंगमध्ये ठरली.

काम पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. पत्रा निघाला, टोपी बसली, दारांना लुव्हर लागले, गच्चीवरचा फॅन आला. दुसऱ्या मजल्याच्या टॉयलेटचं फॉल्स सीलिंग अजून गळतं आणि त्याचा खर्च कुणी करायचा यावर भांडण चालू आहे. पण परवा मी अगरबत्ती पुन्हा धरली. धूर दाराखालून सरळ आत गेला, जणू त्याला कुणी बोलावलंच होतं. मावशीच्या शिलाई मशिनशेजारी आता पाण्याची बाटली असते. दुपारपर्यंत ती संपलेली असते. पुढच्या वेळी पालखी येईल तेव्हा ती मान वर करून टॉयलेटची वाट दाखवेल.

मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या मोठमोठ्या इमारती डिझाइन करतील. लॉबीत ग्रॅनाइट येईल, लिफ्टमध्ये आरसे येतील. तेव्हा नकाशावर टॉयलेटच्या चौकोनाशी पेन्सिल थांबवा आणि तिचा तो साधा प्रश्न विचारा. इथली हवा जाते कुठे?

आणि हो, शाळेला एक विनंती. पुढच्या गॅदरिंगला फ्लॉरेन्स बसवाल तेव्हा त्या मुलीच्या हातात कंदील जरूर द्या. पण स्टेजच्या मागे एक खिडकी रंगवा आणि ती तिला उघडू द्या. सेल गेले तरी चालेल मग!

(टी. ई. मेकॅनिकल)